लंजे मॅडमचा उन्हाळा

लंजे मॅडम कुणाला नमस्कार करत नाहीत. त्या मान बघतात.

म्हणजे असं, की तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहिलात तरी त्यांची नजर तुमच्या तोंडावर थांबतच नाही. ती हनुवटीखाली उतरते, कॉलरच्या कडेकडेनं फिरते, कानामागे जाऊन येते. मग दोन बोटं पुढे येतात आणि तुमचा पदर, ओढणी, कॉलर, जे काही आड येत असेल ते बाजूला होतं. त्यानंतर निकाल. "हं, बरी हाये." किंवा "साबन बदल." किंवा नुसतंच "अरारारा!" हे शेवटचं ऐकलं की समजावं, आपला पुढचा आठवडा गेला.

माझा पहिल्याच दिवशी गेला.

देवरीच्या पंचायत समितीत माझी बदली झाली ती ऐन एप्रिलमध्ये. नवरा आणि मुलगी नागपुरात, कारण मुलीची बारावी तोंडावर. मी इथे एकटी, भाड्याच्या दोन खोल्यांत. सामानाचा टेम्पो दारात उभा होता, हायवेवरच्या ट्रकांनी उडवलेली सगळी धूळ माझ्या अंगावर होती, आणि पाय असे दुखत होते की टेम्पोतल्या गादीवरच आडवं व्हावं. तेवढ्यात शेजारचं फाटक वाजलं. पांढऱ्या सुती साडीतली, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घातलेली एक उंच बाई तरातरा चालत आली. वय साठीच्या पुढे, पाठ एकदम सरळ. मला वाटलं, पाणी विचारतील, चहा विचारतील.

"मान दाखव," त्या म्हणाल्या.

मी दाखवली. का दाखवली ते आजही सांगता येणार नाही. आवाजच तसा होता.

"घामोळ्या. पावडर टाकते काय व?"

"हो, टाकते ना. थंड वाटतं."

"बंद कर. पावडरनं भोकं बुजते. मंग घाम कुठून निघन? तुया टाळूतून?"

एवढं बोलून त्या गेल्या. सुटले, असं वाटेपर्यंत परत आल्या. हातात गंज, म्हणजे उभं पातेलं, गंजात कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं हिरवट पाणी आणि धुतलेल्या धोतराचा एक तुकडा. माझी शेगडी अजून टेम्पोतच होती, पण मान मात्र निंबाच्या पाण्यानं पुसून झाली. टेम्पोवाला हे सगळं बघत होता. त्यानं गुपचूप आपली कॉलर वर करून घेतली.

नंतर घरमालकाकडून कळलं, की ह्या बाई जंगलपट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या हॉस्टेलच्या अधीक्षिका होत्या. सगळी नोकरी तिथेच. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर देवरीत हे घर बांधलं आणि एकट्याच राहतात. हॉस्टेलात रोज सकाळी प्रार्थनेआधी मुलींची रांग लागायची आणि मॅडम रांगेवरून फिरायच्या. मान, काखा, बोटांच्या बेचक्या, कोपराचे खळगे. खरूज ही त्यांची जन्माची वैरीण. "एका पोरीले झाली का सगळ्याईले झाली समज," असं त्या आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या जुन्या लढाईची गोष्ट सांगणाऱ्या फौजदारासारखा होतो. रिटायर झाल्या तेव्हा रांग मागे राहिली. नजर मात्र त्यांच्याबरोबर देवरीला आली. आता आमची सगळी गल्ली हेच त्यांचं हॉस्टेल, आणि मी त्यातली सगळ्यात नवी भरती.

मॅडमचा उन्हाळा होळीपासून सुरू होतो. पळसाची फुलं जंगलाकडून आणवायची, सावलीत वाळवायची, रात्री माठात भिजत घालायची आणि सकाळी त्या केशरी पाण्यानं आंघोळ करायची. गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक पिशवी पोचते. नको म्हणायची सोय नाही. "अंगाले ऊन लागत नाही यानं," त्या म्हणतात. "मॅडम, खरंच?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुसऱ्या दिवशी केशरी होऊनच ऑफिसला गेले.

त्यानंतर ताक. पोटात आणि अंगावर, दोन्हीकडे. त्यानंतर काकडीचा कीस. कोरफड त्यांच्या अंगणात वीतभर वाफ्यात आहे, आणि तिचं पान कापायचा अधिकार फक्त त्यांचा. धान पिकवणारा आमचा भाग, त्यामुळे तांदूळ धुतलेलं पाणी कुणाच्या मोरीत गेलेलं त्यांना खपत नाही. "फेकून राहिली? तोंड धू त्यानं!" असा आवाज भिंतीपलीकडून येतो. मी तांदूळ धुतेय हे त्यांना कसं कळतं, देव जाणे. लिंबू मात्र चेहऱ्याला वर्ज्य. "निंबू पोटात जाते. तोंडाले चोळून उन्हात गेली तं भाजून निघशीन." अकरानंतर बाहेर पडायचं नाही, पडायचंच झालं तर पुऱ्या बाह्या, डोक्याला दुपट्टा, पायात मोजे. कूलरसमोर तोंड करून झोपायचं नाही. "उठशीन तं पापडावानी होशीन."

आणि ह्या सगळ्याच्या वर, माती.

मॅडमचं घराणं कोहळ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी माणसं. त्यांच्या गावच्या बोडीतली, म्हणजे शेताच्या कडेच्या लहान तळ्यातली चिकणमाती उन्हाळ्यात पाणी आटलं की त्या स्वतः जाऊन पोत्यात भरून आणतात. कडक उन्हात वाळवतात, कुटतात, सुती कापडातून चाळतात. एकदा गल्लीत फेसवॉश विकणारा एक तरुण आला. टाय बांधलेला, घामानं निथळणारा. त्यानं मॅडमना सांगितलं, आमची कंपनी फार जुनी आहे. मॅडम म्हणाल्या, "मायावाल्या आज्यानं तलाव बांधला. आजही त्यात पानी हाये. तुया कंपनीनं काय बांधलं?" मॅडमनी त्याला ओट्यावर बसवलं, टाय सोडायला लावला, मान पाहिली आणि "अरारारा" म्हणाल्या. अर्ध्या तासानं तो गळ्याला मातीचा लेप लावून, बॅग काखेत मारून गेला. परत कधी दिसला नाही.

हे सगळं ऐकायला मजेचं वाटतं. पण तुम्ही दिवसभर फायलींमध्ये डोकं घालून, लाईट गेलेल्या ऑफिसात फाईलच्याच पुठ्ठ्यानं वारा घेऊन, संध्याकाळी पाय ओढत घरी याल, आणि फाटकाशी एक उंच बाई हातात वाटी घेऊन उभी असेल, तेव्हा कळेल. मला त्या वेळी कुणीच नको असायचं. एक ग्लास पाणी आणि फरशीवर पडून राहणं, एवढीच इच्छा. पण "इकडे ये. तोंड कर," म्हटलं की मी निमूटपणे तोंड करायची. बोलायचंही त्राण नसायचं. त्या माझ्या कपाळावर, गालांवर, मानेवर लेप लावायच्या आणि एकीकडे मला रागवायच्या. पाणी किती प्यालीस, डब्यात काय होतं, टरबूज का नाही खाल्लंस. लेप वाळेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम. हसायचा प्रश्नच नव्हता. काही वेळा मी तशीच, खुर्चीवर, तोंडाला माती लावून झोपी जायची. जाग यायची तेव्हा वाटी घेऊन त्या गेलेल्या असायच्या आणि माझ्या पायांवर ओला पंचा टाकलेला असायचा.

त्यांना टाळायचा प्रयत्न गल्लीतल्या सगळ्यांनीच करून पाहिला होता. दूधवाला फाटकाबाहेरूनच दूध ओततो. पोस्टमन गळ्याला रुमाल गुंडाळून येतो. पण आमच्या साहेबांना कुणी आधी सावध केलं नव्हतं.

साहेब नवीन होते. तालुकाभर मोटरसायकलवर दौरे करून तोंड तांबडं झालेलं, नाकाची सालं निघत होती. मॅडम पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यावर सही घ्यायला ऑफिसात आल्या. साहेबांनी कागद पाहिला आणि गमतीनं विचारलं, "काय मॅडम, हयात आहात ना?"

"मी हाये," मॅडम म्हणाल्या. "पन तुमची मान चालली."

मी माझ्या टेबलावर डोकं खाली घातलं. पुढचं सगळं मला माहीत होतं. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा साहेब आपल्याच केबिनमध्ये आपल्याच खुर्चीवर मागे मान टाकून बसले होते आणि मॅडम त्यांच्या तोंडाला ताकात कालवलेली माती लावत होत्या. "वाळेपर्यंत तोंड हलवाचं नाही. भेगा पडतीन," एवढं बजावून मॅडम हात धुवायला गेल्या, आणि नेमका तेव्हाच एका जंगलातल्या गावचा मोर्चा आला. पाण्याच्या रिकाम्या गुंड्या-हंडे घेऊन आलेल्या बायका, दोन-तीन म्हातारे आणि तावातावानं बोलणारा उपसरपंच. गावची बोअरिंग बंद होऊन राहिली होती आणि कुणी लक्ष देत नव्हतं.

ते केबिनमध्ये घुसले आणि थबकले. खुर्चीत साहेब, साहेबांचं तोंड राखी रंगाचं, फक्त डोळे हलतायत.

"साहेब, आमची बोअरिंग..." उपसरपंचानं सुरुवात केली. साहेबांनी मान डोलावली.

"आठ दिवसांत झाली पाहिजे!" मागून एक बाई ओरडली. साहेबांनी मान डोलावली.

"टँकर पन पाहिजे तोवर!" साहेबांनी पुन्हा मान डोलावली. एरवी ह्यावर ते निधी, प्रस्ताव, वरिष्ठ कार्यालय, असं बरंच काही बोलले असते. पण तेवढ्यात मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि तोंडावर बोट ठेवून साहेबांकडे बघत होत्या. साहेब एक अक्षर बोलले नाहीत. बोअरिंग त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. त्या गावात अजून सांगतात, की नवीन साहेब लय कडक आहे, बोलतच नाही, डायरेक्ट काम करते. साहेबांची मान बरी झाली हे मी स्वतः पाहिलं. पण त्यानंतर मॅडम ऑफिसकडे येताना दिसल्या, की साहेब दौऱ्यावर निघतात.

मॅडम नुसत्याच विक्षिप्त आहेत असं मी तोवर धरून चालले होते. मनीषाच्या वेळी मला थोडी निराळी बाई दिसली.

मनीषा ही समोरच्या पटल्यांची मुलगी. मे महिन्यात लग्न ठरलेलं, मुलगा गोंदियात दुकानात. मुलगी सावळी, तरतरीत. बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी जाता जाता बोललं होतं, की तारखेपर्यंत थोडी उजळली तर बरं. तेवढ्यावरून पोरीनं बाजारातून कसलीशी ट्यूब आणली आणि कुणाला न सांगता रोज लावली. लग्न जवळ आलं तसं तोंड लाल झालं, सुजलं आणि एका दुपारी गालांची कातडी सुटायला लागली. तिची आई मॅडमच्या ओट्यावर येऊन रडत बसली. "मॅडम, काही तरी लेप लावा. आता कसं कराचं व? लोकं काय म्हनतीन?"

मी सुट्टीच्या दिवशी घरीच होते, म्हणून आवाज ऐकून गेले. मला वाटलं, आता माती निघेल, कोरफड निघेल, मॅडमचा सगळा दवाखाना बाहेर येईल. पण त्यांनी मनीषाची हनुवटी दोन बोटांवर उचलली, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाल्या, "सुनंदा, ऑटो बोलाव. डॉक्टरकडे जाचं हाये."

"लेप?" आईनं विचारलं.

"उघड्या चामडीवर लेप नाही. काहीच नाही. डॉक्टर देईन ते औषध, बस."

डॉक्टरांनी मलम दिलं, ती ट्यूब फेकायला सांगितली, उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं. पुढचे दिवस मॅडमनी काहीच केलं नाही. म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही. त्या रोज दुपारी पटल्यांच्या घरी जायच्या, मनीषाच्या उशाशी बसायच्या आणि बांबूच्या पंख्यानं वारा घालायच्या. खाज सुटली की पोरीचा हात तोंडाकडे जायचा, तो धरायच्या. हॉस्टेलातल्या गोष्टी सांगायच्या. एकदा मी सहज डोकावले, तर मनीषा झोपली होती आणि मॅडमचा पंखा चालूच होता. हात बदलायचा, पंखा थांबायचा नाही.

"तुम्ही पण जरा आडव्या व्हा ना," मी म्हटलं.

"चामडी नवीन येऊन राहिली," त्या हळूच बोलल्या. "घाम बसला तं चिघळन."

हळदीच्या दिवशी त्या मांडवात फौजदारासारख्या उभ्या होत्या. हळद हाताला, पायाला लावायची, तोंडाला बोट लावायचं नाही. बायका कुरकुरल्या, पण कुणाची हिंमत झाली नाही. लग्नात नवऱ्या मुलाची एक मावशी मनीषाकडे बघून हिंदीत बोलली, "रंग तो वैसाच है." मॅडम तिथेच होत्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "रंग तिचा सवताचा हाये, तो कायले बदलन? चामडी भाजली होती, ते बरी झाली. पाहा, एक डाग नाही. असं पाहाचं राह्यते पोरीले."

मनीषा खाली मान घालून हसली. तिच्या तोंडावर त्या दिवशी खरंच एक डाग नव्हता.

निघताना मनीषा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्याही. मॅडमकडे आली, तेव्हा त्या अर्धं पाऊल मागे सरल्या. "घामेजली मी, तुयी साडी खराब होईन," म्हणाल्या, आणि दोन बोटांनी तिचा पदर बाजूला करून मान पाहिली. "हं, बरी हाये. जाय आता." गाडी गेल्यावर माणसं पांगली. मॅडम रिकाम्या मांडवात उभ्या राहून सांडलेल्या पाण्यावरून कुणीतरी घसरेल म्हणून आचाऱ्याला रागवत होत्या.

मग नवतपा लागला.

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटचे ते दिवस, जेव्हा आमच्याकडे पक्षीसुद्धा बोलत नाहीत. नळाचं पाणी हाताला चटके देतं. भिंत रात्रीही तापलेली. ऑफिसात माणसं एकमेकांशी भांडायचंही सोडून देतात. मी इतकी थकले होते, की शनिवारी नागपूरची बस पकडायचं बळ अंगात उरलं नाही. मुलीला फोन करून सांगितलं, ह्या वेळी येत नाही. ती म्हणाली, बरं. त्या 'बरं'नं आणखी थकले आणि झोपले.

रविवारी दुपार कलताना लाईट गेली. कूलर घरघरत थांबला आणि खोली क्षणात भट्टी झाली. पडून राहवेना. स्वयंपाकघरात मॅडमचा एक गंज बरेच दिवस पडून होता, तो परत करावा म्हणून उठले. खरं सांगायचं तर त्यांच्या घरात माठातलं वाळ्याचं पाणी मिळतं, त्याचाही लोभ होता. गेल्या काही दिवसांत त्या फाटकाशी दिसल्या नव्हत्या. मला बरंच वाटलं होतं. उन्हामुळे त्याही घरात बसत असतील, एवढंच मनात आलं होतं.

फाटक उघडं होतं, दार लोटलेलं. मी "मॅडम" अशी हाक मारली. घसा कोरडा, आवाज फारसा निघाला नसावा. आत गेले.

आतल्या खोलीत खिडकीजवळ त्या लाकडी स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. ब्लाऊज काढून पदर पुढून गुंडाळलेला. समोर पाटावर लेपाची वाटी. आणि उजव्या हातात भाजी हलवायचा लांब दांड्याचा लाकडी सराटा. सराट्याच्या टोकाला सुती चिंधी बांधलेली. त्या सराटा वाटीत बुडवायच्या, खांद्यावरून मागे न्यायच्या आणि अंदाजानं पाठीवर टेकवायच्या. अर्धा लेप जमिनीवर पडत होता. जिथे लागायला हवा होता तिथे पोचत नव्हता. त्या पुन्हा बुडवत होत्या.

मग मला पाठ नीट दिसली. मानेपासून कमरेपर्यंत घामोळ्यांनी भरलेली, मध्ये मध्ये पिकलेली, कुठे खाजवून सोललेली. अख्ख्या गल्लीच्या माना स्वच्छ ठेवणाऱ्या बाईची पाठ.

माझ्या हातातला गंज चौकटीला लागून वाजला. त्यांनी दचकून पदर ओढला.

"आवाज देऊन येता येत नाही काऊन?"

"दिला होता. ऐकू आला नसेल."

"मंग जोरात द्याचा. जाय, गंज ठेव आन् जाय. मी येतो मागून."

मी गंज ठेवला. गेले नाही. "मॅडम, हे किती दिवसांचं आहे?"

"उन्हाळ्याचं हाये."

"म्हणजे?"

"म्हंजे दरवर्षीच राह्यते. पाठीवरच होते. बाकी अंगावर पाहून घे, एक पुळी सापडली तं सांग." हे त्या थोड्या गर्वानंच बोलल्या. मग आवाज जरा खाली आला. "पाठीले हात पुरत नाही ना."

मी विचारलं, "हॉस्टेलात कोण लावायचं?"

"कोन लावन? पोरींले म्हनाव काय, मॅडमची पाठ चोळा? उद्या मले कोन भ्याईन?" त्या खिडकीकडेच बघत होत्या. "माय होती तोवर सुट्टीत गावाले जात होतो. थे लावे. ओट्यावर बसवून, रागवत रागवत. मंग माय गेली. मंग सराटा."

"मला का नाही हाक मारली? भिंतीपलीकडे तर असते मी."

"तू थकून येते," त्या म्हणाल्या.

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला. मी त्यांच्या हातातून सराटा घेतला. त्यांनी एकदा घट्ट धरला, मग सोडला. मी त्याची चिंधी सोडून बाजूला टाकली, हात स्वच्छ धुतले आणि त्यांच्या मागे दुसरा पाट ओढून बसले.

"सोललं तिथं लावू नको," लगेच हुकूम आला. "फक्त लाल हाये तिथं. अन् चोळाचं नाही, टेकवाचं. आधी माठाच्या पान्यानं पुसून घे. फडकं धुतलेलं पाहिजे. थे दोरीवरचं घे, खालचं नको."

"हो, मॅडम. आणि पिकलंय ते उद्या डॉक्टरला दाखवायचं. मी सुट्टी टाकते."

"सुट्टी कायले टाकते? मी मायी जाईन..."

"मी येतेय."

मी माठातलं पाणी गंजात घेतलं, फडकं भिजवून पाठ पुसली. पाणी लागल्यावर त्यांचे खांदे एकदम वर उचलले गेले आणि मग हळूहळू खाली आले. मी बोटांवर लेप घेतला, टेकवत गेले. मानेखालून सुरुवात केली, खांद्यांच्या मधोमध आले, जिथे कुणाचाच हात पोचत नाही. त्यांच्या सूचना चालूच होत्या. जास्त घेऊ नको, डावीकडे राहिलं, नखं कापत जा. मग सूचना थोड्या लांब अंतरानं यायला लागल्या. मग एक अर्धवट राहिली. मग थांबल्याच.

मला वाटलं, झोंबतंय. "आग होते का, मॅडम?"

त्यांनी मान हलवली. नाही. आवाज निघाला तो त्यांचा रोजचा नव्हता. "लाव," एवढंच म्हणाल्या.

मी लावत राहिले. एरवी खुर्चीलासुद्धा न टेकणारी ती ताठ पाठ माझ्या तळव्याखाली थोडी थोडी वाकत होती. उन्हाची तिरीप खिडकीतून सरकून भिंतीवर गेली. माझे गुडघे दुखायला लागले होते, पण उठावंसं वाटत नव्हतं. घरी मुलीच्या पाठीला शेवटचा हात कधी लावला होता, ते आठवत बसले.

वाटीत बोटं फिरवली तर तळ लागला. खरवडून उरलंसुरलं घेतलं, तेही संपलं. माझा हात थांबलेला त्यांना कळला असावा.

"संपलं?" त्यांनी विचारलं. वळून न बघता. इतक्या हळू, की एरवी मला ऐकूच आलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "आहे अजून."

मी गंजातल्या पाण्यात हात बुडवला आणि ओला तळवा पुन्हा त्यांच्या पाठीवर ठेवला.